आठवड्याला एकच पाळी

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा आम्ही नेपानगरलाच राहत होतो. बाबा कागदाच्या मिलमध्ये होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी शाळेत शिकवायची. बुऱ्हाणपूरला एक छोटं केंद्र होतं, तिथं डायलिसिस फुकट व्हायचं. बाहेरच्या कुठल्याशा देणगीदारांनी मशीनं दिली होती, खर्चही तेच द्यायचे. आठवड्यातून दोनदा मी आईला घेऊन जायची.

शेजारच्या पलंगावर जैनाबादचे एक शेतकरी असायचे. त्यांची बायको पायाशी बसून असायची. ते आईला म्हणायचे, "माझ्या वावरात घडच्या घड लागले आहेत केळीचे, अन् डॉक्टर म्हणतो एक केळं बी खायचं नाही." आई हसायची. मशीन रक्त ओढत असताना ती हसू शकते, याचंच मला केवढं कौतुक वाटायचं.

मग एके दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांच्या घरच्यांना एकत्र बसवलं. देणगीदारांचा करार संपला होता. पुढं सरकार चालवेल असं ठरलं होतं, पण त्या वर्षी पैसे मंजूर झाले नव्हते. मशीनं ठीक होती. त्यांना लागणारे फिल्टर अन् नळ्या निम्म्याच पेशंटना पुरतील इतक्या उरल्या होत्या.

"एक तर अर्ध्या लोकांना दोन्ही पाळ्या देऊ आणि बाकीच्यांना नाही म्हणू," डॉक्टर म्हणाले, "नाही तर सगळ्यांना एकेक. तुम्ही सांगा."

त्या शेतकऱ्यांची बायको, जैनाबादच्या बाई, उठल्या. "सगळ्यांना सारखं द्या, साहेब. समोर बसलेल्या माणसाला तू मर म्हणायचं, हे आमच्यानं नाही व्हायचं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. डॉक्टर खाली बघून म्हणाले, "आठवड्याला एका पाळीवर शरीर फार दिवस टिकत नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो."

मी अन् त्या बाई, आम्ही दोघी सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. ते म्हणाले, "मॅडम, मागणी वर पाठवली आहे. पण आत्ता जिल्ह्याला जे मिळतं त्यातच बाळंतपणं आहेत, टीबीची औषधं आहेत, लहान मुलांच्या लसी आहेत. यातलं कुठलं बंद करू, तुम्हीच सांगा."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "त्यांचं बी खरंच आहे ना?" मला राग धरायलाही जागा उरली नाही.

आईच्या पायांवर सूज चढली. आडवं झालं की श्वास अडायचा, म्हणून ती उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायची. पाणी मोजून द्यावं लागे. ती बर्फाचा खडा गालात धरून बसायची. मी तिला जळगावला खासगी दवाखान्यात नेलं, तिच्या बांगड्या मोडून. बांगड्या संपल्यावर तिनं ठामपणे सांगितलं, "आता माझ्यापायी घर विकू नको. मी येणार नाही."

सगळ्यात आधी ते शेतकरी गेले. आम्ही केंद्रात गेलो तर त्यांच्या पलंगाची चादर बदललेली होती. दिवसकार्य आटोपून त्यांची बायको तिथं आली अन् मशीन चालवणाऱ्या पोराला म्हणाली, "त्यांची पाळी खाली झाली ना भाऊ? ती या ताईंच्या आईला द्या."

अशी आईला पुन्हा दुसरी पाळी मिळाली. तिनं नको म्हटलं नाही. पण त्या शेतकऱ्यांच्या पलंगावर ती डोळे मिटून पडून राहायची. उशीरही झाला होता. हृदयावर ताण येऊन गेला होता. एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ती भिंतीला टेकून होती अन् हात गार पडले होते.

दहाव्याला आम्ही बुऱ्हाणपूरला, तापीच्या राजघाटावर होतो. बाई जैनाबादहून पूल ओलांडून आल्या. नदीकडे बघत मला म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी मी सगळ्यांना सारखं द्या म्हणाले. चुकलं का माझं? अर्धे तरी वाचले असते."

"नाही हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? पण हिशेब माझ्याही डोक्यात होताच, अन् त्यांना तो माझ्या तोंडावर दिसला असावा. त्या पदरानं तोंड पुसून निघून गेल्या.

पुढं सामान पुरतंच संपलं अन् केंद्राला कुलूप लागलं. मशीनं आतच आहेत म्हणतात. जे उरले होते त्यातले काही इंदूरला गेले, बाकीचे घरीच राहिले. घरी राहिलेल्यांपैकी आता कोण आहे, हे मी कोणाला विचारलेलं नाही.