दिगूचे एक ते दहा

जिंतूरच्या शाळेत चौथा तास चालू होता. शिपाई दारातूनच म्हणाला, "सर, परभणीच्या गाडीचा कंडक्टर निरोप सांगून गेला. तुमचे ते कॉम्प्युटरवाले दोस्त गेले म्हणं." मी फळ्यावरची अर्धी ओळ पुरी केली, मगच खडू ठेवला. का पुरी केली, देव जाणे. चारठाण्याला, दिगूच्या गावी, पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. काविळीनं आठ दिवसांत माणूस संपला. आता दीड महिना होत आला, तरी शनिवारी शाळा सुटली की वाटतं, आज तरी परभणीची गाडी धरावी... आणि मग आठवतं.

दिगंबर आणि मी परभणीच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. तो अडखळत बोलायचा आणि माझ्या तोंडाला झाकण नाही, त्यामुळं हॉटेलात त्याचा चहासुद्धा मीच सांगायचो. पुढं मी मास्तर झालो. त्यानं स्टेशनजवळ एका खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. लग्न केलं नाही. लहान पोरांसाठी तो एक प्रोग्राम करत होता, पडद्यावरच्या आंब्यांवर बाण नेऊन दाबलं की तितका आकडा मोठ्यानं ऐकू यायचा. तो करताना लिहायचं फार नसायचं, एकेका कामाचे चौकोन पडद्यावर मांडायचे आणि रेघांनी जोडायचे. "बो... बोलायचं काम नाही बघ, मध्या," असं म्हणून हसायचा. यंदा जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी गाड्या बंद होत्या, मी दोन दिवस त्याच्याकडं अडकलो, तेव्हा ते आकडे त्यानं माझ्याकडून म्हणवून घेतले होते. मास्तरकीचा आवाज, म्हटलं, घे भरून.

श्रावणात त्याचं पत्र आलं. "तुझा आवाज काढून टाकला. एक ते दहा मीच म्हणलेत. एकदाही अडकलो नाही. लवकर येऊन ऐक." किती दिवस एकटा बसून म्हणत राहिला असेल! मी उत्तर धाडलं, सहामाही झाली की येतो. जिंतूरहून परभणी काही काशी-रामेश्वर नाही. पण सहामाही झाली, दिवाळी झाली, आणि मी गेलो नाही. आळस, दुसरं काही नाही.

तेरावं झाल्यावर त्याचे थोरले भाऊ किसनभाऊ खोली रिकामी करायला निघाले, तेव्हा मी सोबत गेलो. म्हटलं, भाऊ, आधी मला त्याचा आवाज ऐकू द्या, मग काय न्यायचं ते न्या. मशीन सुरू केलं, तीन आंब्यांवर दाबलं. काही नाही. सातांवर दाबलं, तिथंही चिडीचूप. किसनभाऊ दारात उकिडवे बसले होते. "आवाज येईना का, मास्तर?"

टेबलावर दिगूची वही होती. तोंडानं अडायचा, पण वहीत भडाभडा लिहायचा. आवाज आला नाही तर काय बघायचं, तेही लिहिलेलं. आधी स्पीकरची वायर. ती नीट होती. मग मशीनचा स्वतःचा टिंग वाजतो का? वाजला. म्हणजे स्पीकर धड होता. मग लिहिलं होतं, "चौकोनात आवाज नसतो, आवाज कुठं ठेवलाय त्याचा नुसता पत्ता असतो. तो उघडून बघावा." मी उघडला. दहाही चौकोनांत एकच पत्ता, फ्लॉपीचा. टेबलाचा खण उपसला, कपाट उपसलं. मशीनच्या तोंडात फ्लॉपी नव्हती, कुठंच नव्हती.

"भाऊ, काळी, चपटी, चौकोनी वस्तू बघितली का कुठं? तळहाताएवढी?"

"ती व्हय? दवाखान्यात खिशात व्हती त्याच्या. लय जपायचा. हातात घेऊन झोपायचा." किसनभाऊंनी उपरण्यानं डोळे पुसले. "त्याच्या जीवाची चीज हाय म्हणून चितेवर त्याच्या छातीवर ठिवली बघा. चांगलं केलं न्हवं?"

"चांगलं केलं, भाऊ," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तरी हात थांबेना. मशीनच्या पोटात जे जे होतं ते उघडत बसलो. एका कोपऱ्यात 'चाचणी' नावाची एक फाईल निघाली, जानेवारीतली, कुठल्याच रेघेला न जोडलेली. मीच एक चौकोन मांडला, तिचा पत्ता भरला, रेघ ओढली, दाबलं.

आधी खरखर. मग दिगू, अगदी जवळून, "मध्या, तू आ... आता एक..."

आणि लगेच मी. "कळलं रे, आकडे म्हणायचे ना? म्हणतो की." मग एकपासून दहापर्यंत माझाच आवाज, खणखणीत.

परत लावलं. त्याचे चार शब्द, की मी. पाच-सहा वेळा लावलं, दर वेळी मी तिथंच मधे पडत होतो. अरे थांब ना गाढवा, बोलू दे त्याला, असं मोठ्यानं म्हणालो तेव्हा किसनभाऊ दचकले. "दिगूच हाय ना त्यो?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं.

त्याला पुढं काय म्हणायचं होतं, ते आता कुणीच सांगणार नाही. दिगू, मला काही कळलं नव्हतं रे.