वरून पाणी पिणारा रेक्टर

चिखलीच्या कॉलेजात मी हेडक्लार्क होतो. पण गणेशोत्सवातल्या नाटकांमुळे स्वतःला नट समजत असे. माझा आवाज भारदस्त आहे, असं मी म्हणतो. तो फक्त मोठा आहे, असं माझी बायको, प्रेमला, म्हणते. एकोणसत्तर सालच्या हिवाळ्यात मुंबईची सिनेमा कंपनी आमच्या कॉलेजात शूटिंगला आली, तेव्हा मी इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्यात उगाच येरझाऱ्या घालत राहिलो.

सिनेमा वसतिगृहातल्या जातिभेदावर होता. एका बौद्ध मुलाला पाण्याच्या माठाला हात लावू देत नाहीत, त्यावरून मारामारी होते, कॉलेज बंद पडतं आणि शेवटी सोवळा रेक्टर त्याच मुलाच्या हातून पाणी पितो. नायकाचं काम मलाच मिळणार, याची मला खात्री होती. दिग्दर्शकाने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "रेक्टर. मेकअपसुद्धा लागणार नाही." मी ते कौतुक समजलो.

मुलाचं काम तुळशीरामला मिळालं. तो आमच्या प्रयोगशाळेत सहायक, सिनेमातल्या मुलासारखाच बौद्ध आणि माझा जिवाभावाचा मित्र. बौद्धपुऱ्यातल्या त्याच्या घरी माझं नेहमी जाणंयेणं असे. त्याची आई झुंबरबाई हिच्या हातची भाकर मी मागून खायचो. साऱ्या चिखलीत जातपात न मानणारा माणूस मीच, हे मी लोकांना न विचारता सांगत असे.

माठावरून तुळशीरामला हाकलण्याचा प्रसंग मी असा काही वठवला की दिग्दर्शक खूश झाला. मग शेवटचा प्रसंग आला. तुळशीरामने पेला पुढे केला. मी तो घेतला, मान मागे टाकली आणि पाणी वरून घशात सोडलं.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "पेला ओठांना लावा. सगळा सिनेमा त्यासाठीच आहे."

मी पुन्हा घेतला. हात पुन्हा वर गेला. आमच्या घरात पेला उष्टा करायचा नाही, ही लहानपणापासूनची शिस्त. मी मनाशी बजावत होतो, पण हात काही ऐकेना. सदरा ओलाचिंब झाला. पोरं खिदळत होती. मी चिडून सगळ्यांना सांगितलं, "अहो, मी माझ्या सासऱ्याच्या घरीही वरूनच पितो."

तुळशीराम मात्र हसत नव्हता. सदरा वाळत घातला आणि आम्ही दोघे निंबाखाली बसलो.

"चिंतामणभाऊ, तुम्ही खरंच सगळीकडं वरून पेता?" त्याने विचारलं.

"हाव. प्रेमलाले विचार."

"माय वेगळंच समजून राह्यली होती. आमच्या भांड्याले तुम्ही तोंड लावत नाही म्हणून तिनं तुमच्यासाठी शेगावहून वेगळा पेला आणला. त्याले घरातलं कोणी हात लावत नाही. भाऊले इटाळ नोको, म्हणते."

तो चकचकीत पेला मला चांगला आठवत होता. 'मावशी, काय लख्ख घासता हो,' असं मी दर वेळी म्हणायचो. म्हणजे त्या घरात मी इतकी वर्षं रेक्टरच होतो आणि मेकअपसुद्धा लागला नव्हता. मला फार लाज वाटली.

"मले कधी सांगतलं काऊन नाही?"

"काय सांगू? तुम्ही येत होते, थेच लय होतं."

त्यानंतर पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभा राहिलो, तरी पेला काही ओठांना लागेना. शेवटी दिग्दर्शकाने नाद सोडला आणि नुसते ओठ दाखवायला कंपनीच्या मॅनेजरला बसवलं. पडद्यावर ज्या ओठांनी लोक हेलावले, ते माझे नाहीत.

संध्याकाळी मी सरळ झुंबरबाईकडे गेलो आणि पाणी मागितलं. तिचा हात सवयीने चकचकीत पेल्याकडे गेला.

"मावशी, थो नोको. तुळशीराम पेते त्यातच द्या."

तिने पोचे पडलेला पेला भरून दिला. मी तो ओठांना लावला. पहिला घोट उतरला, दुसऱ्याला ठसका लागला आणि वाळलेला सदरा परत भिजला.

"वरूनच पे न, बाबू," ती म्हणाली. "सांगतलं मले तुळशीरामनं."

मग तिने तो चकचकीत पेला काढला, माठातून भरला आणि तोंड लावून स्वतः पाणी प्याली.