नाथाजी मिस्तरीचा खिळा

नाथाजी मिस्तरीचा डावा कान पलटणीतच गेला होता. सोळा वर्षं फौजेच्या बंदुका दुरुस्त केल्यावर दुसरं काय होणार? १९४० साली पेन्शन घेऊन तो वाईजवळच्या आपल्या गावी आला आणि कुलपं, शिवणयंत्रं, जे दारात येईल ते नीट करून द्यायला लागला. मिस्तरीनं 'झालं' म्हटलं की झालं, असं गाव म्हणायचं. म्हातारा तिरसट होता, हट्टी होता, पण या एका शब्दावर सगळे त्याचं सगळं ऐकून घ्यायचे.

गावात बंदूक एकच, नानासो पाटलांची. मधोमध मोडायची आणि एका वेळी एकच काडतूस घालायचं, अशी जुनी रायफल. दसऱ्याला शिवेवर तिचा एक बार काढायचा आणि मगच आपट्याचं सोनं लुटायचं, हा पाटलांच्या घरचा रिवाज. चळवळीच्या सालात सरकारनं ती ठाण्यात जमा करून घेतली होती, ती ४६ साली परत मिळाली. एवढ्या वर्षांनी शिवेवरचा बार ऐकायचा म्हणून गाव नुसतं हुरळून गेलं होतं.

बार काढणार होता नानासोंचा एकुलता एक मानसिंग, फौजेतनं रजेवर आलेला. खंडेनवमीच्या सकाळी तो नाथाजीच्या दारात येऊन उभा राहिला.

"मिस्तरीकाका, बंदुकीची नेम धरायची माशी जरा सरकवायला पायजे. परवा चिंचेच्या बुंध्यावर तीन गोळ्या टाकल्या. पयली नेमकी लागली, दुसरी वीतभर वर, तिसरी दोन हात वर."

"काडतुसं कुठली?"

"पुण्यासनं आणली. नव्या दारूची, लय जोरकस."

नाथाजीच्या हातातली कानस थांबली. "ती त्या बंदुकीची न्हाईत रं."

"न्हाईत कशी? बसत्यात की! एकदम चपखल बसत्यात," मानसिंग हसला. "बरं, ऱ्हाऊ द्या. आईनं पूजा मांडलीया. उद्या शिवंवरच बघा."

पूजेत मांडलेल्या हत्याराला दसऱ्याचा मुहूर्त होईतोवर हात लावायची सोय नव्हती. नाथाजी ओट्यावर बसला. माशीचा काही दोष नव्हता. गोळी दर बाराला वर चढत होती, म्हणजे नळी मिटल्यावर घट्ट राहत नव्हती, म्हणजे बिजागरीचा खिळा वाकत चालला होता. आणि तो खिळा त्यानं स्वतः घातलेला! ४१ साली जुना खिळा झिजला, लढाईपायी पोलाद मिळेना, तेव्हा त्यानं बैलगाडीच्या चाकावरच्या धावेचं साधं लोखंड कानसून बसवलं आणि नानासोंना सांगितलं, "झालं. पयल्यागत." जुन्या नरम काडतुसांना ते पुरलं असतं. या नव्यांचा दाब म्हणजे मागचं तोंड उघडून सगळी आग थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात.

दुपारी त्यानं भाकरी मोडली ती तशीच ताटात राहिली. राहीबाईनं, त्याच्या बायकोनं, खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

"मग जाऊन सांगा की!" ती म्हणाली.

"सांगितलं तर उद्यापासनं मला मिस्तरी कोण म्हणंल?"

"आवं, आन् न्हाई सांगितलं तर त्या पोराला डोळा कोण देईल?"

नाथाजी ताटावरनं उठला. त्याला तिचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त आला.

दसऱ्याला शिवेवर सगळं गाव जमलं. हलगी कडाडत होती. मानसिंगनं काडतूस घालायला बंदूक मोडली आणि नाथाजी पुढं झाला. त्यानं पूजेच्या ताटातलं कुंकू निरांजनातल्या तुपात कालवलं आणि नळीच्या मागच्या तोंडाला बोटानं पातळ फासलं. लोकांना वाटलं, मिस्तरी पूजा करतोय. त्यानं बंदूक मिटली, पुन्हा मोडली आणि नानासोंच्या पुढं धरली.

"बघा. समदं तोंड टेकलं असतं तर समोरची बाजू सगळी लाल झाली असती. खाली नखभर टेकलंय, वरनं फट हाय. खिळा वाकलाय, नानासो. साध्या लोखंडाचा हाय. मी घातला, आन् तुमास्नी पयल्यागत झालं म्हणून खोटं सांगितलं."

हलगी थांबली. नानासोंनी वाकून ती फट बघितली. मानसिंग मात्र चिडला. "काका, काडतूस बसतंय की वो!"

"बसतंय म्हणून सोसतंय व्हय रं? गाडीला बांधा आन् दोरीनं चाप वढा. मग कळंल."

"बांधा! आन् ह्ये माझं डोकं समजा," असं म्हणत मानसिंगनं स्वतःचा फेटा उतरवून दस्त्यावर ठेवला, गाल टेकतो तिथं.

बंदूक रिकाम्या गाडीला आवळली. माणसं बांधाआड बसली. दोरी ओढली, धडाम् झालं, आणि गोळी समोरच्या टेकाडात गेली. बंदूक आहे तशी. गाव खो खो हसलं. "म्हातारा भ्याला रं!" कुणीतरी ओरडलं. मानसिंग बंदूक सोडायला धावला. नाथाजीनं त्याचं मनगट धरलं.

"अजून एक. तुज्या पाया पडतो, अजून एकच."

बापाच्या वयाचा माणूस असं म्हणाला, म्हणून मानसिंग थांबला. दुसरं काडतूस घातलं, दोरी ओढली. या वेळचा आवाज निराळा होता, फुटका. धूर विरला तेव्हा बंदूक मधोमध उघडून लोंबकळत होती, फेटा दहा हातांवर धुमसत पडला होता आणि त्याच्या घड्यांत काडतुसाचं पितळी बूड रुतलं होतं.

मानसिंगनं फेटा उचलला, भोकातनं बोट घातलं, ते आरपार निघालं. मग तो आपट्याकडं गेला. गावातलं पहिलं सोनं पाटलांना द्यायचं असतं. तो बापाला ओलांडून नाथाजीपाशी आला, वाकला आणि पानं त्याच्या हातावर ठेवली.

"मला नगं रं," नाथाजीनं पानं परत पुढं केली. "त्यो खिळा मीच घातलेला."

"व्हय काका," मानसिंग म्हणाला. "आन् सांगितलंबी तुमीच."