गणूतात्यांची भाकरी

चार म्हातारी माणसं एका पंगतीला बसवली, की भाकरीपेक्षा किस्सेच जास्त उरतात! दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत सांगलीला कृष्णाकाठच्या धर्मशाळेत दर सोमवारी पेठेतले व्यापारी म्हाताऱ्यांना जेवू घालत. मी तिथं वाढणारी. जेवणं झाली की गाणी, सोंगट्या, फुगड्या, नुसता धुडगूस!

*

अनसूयाबाईंचे गुडघे गेलेले. माझ्या खांद्याचा आधार घेत कण्हत यायच्या. एकदा फुगडी सुरू झाली आणि बाईंनी काठी माझ्या अंगावर भिरकावली! व्यापाऱ्यांच्या दोन तरण्या सुनांना दमवून परत आल्या.

"दे काठी. गुडघं लय दुकत्यात!"

*

बिराप्पा जतकडचा धनगर. डोळे मिटून त्यानं असं कानडी गाणं म्हटलं, की सगळी पंगत रडली. मीही पदर ओला केला. मग अर्थ विचारला.

"मेंढी वाटंतच बसलीया, उठंना. आता काय करू, आसं हाय."

*

सुभेदार पहिल्या लढाईतले पेन्शनर. घास नीट चावावा म्हणून एकदा पंगतीला हुकूम सोडला, "लेफ्ट! राईट! लेफ्ट!"

कोपऱ्यातून आवाज आला, "आवं सुबेदार, लेफ्टला दात न्हाईत!"

"मग राईट, राईट!"

*

पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा रिवाज. आणि शेवटचे नेहमी गणूतात्या! एकुलता एक मुलगा लढाईवर, कैक दिवसांत खबर नाही. रिकाम्या घरी जायचं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून भाकरी पुरवून पुरवून खायचे.

"तात्या, भाकरी हाय का उसाचं कांडं?" सगळे करवादायचे, पण बसून राहायचे. मला त्या सगळ्यांची फार माया वाटायची.

लढाई संपली. एका सोमवारी तात्यांची चतकोर भाकरी तेवढी उरली होती. तोच दारात खाकी कपड्यातला उंच गडी उभा राहिला.

"बा, आलो मी!"

"उठा तात्या, उठा! रिवाज गेला खड्ड्यात!" सगळी पंगत ओरडली. सुभेदारसुद्धा!

तात्यांच्या डोळ्यांना धार लागली. पोराला हाताला धरून त्यांनी शेजारी बसवलं, मला खूण करून त्याला पान वाढायला लावलं आणि आपली चतकोर एका घासात संपवली.

पोरगा शिपाईगडी, भराभर जेवायला लागला. तात्यांनी त्याचा हात धरला.

"सावकाश जेव रं. हितं कुणालाच घाई न्हाई."