विनूची हजेरी

"वकीलसाहेब, तुमचा शेवटच्या भेटीचा योग नव्हता." पारशिवनीला आमच्या शेतावर निरोप घेऊन आलेल्या माणसाने पहिलं वाक्य हे म्हटलं आणि दुसऱ्या वाक्यात विनू गेल्याचं सांगितलं. क्रम बघा. माणूस गेल्याची बातमी मागे, योग पुढे. नंतर कळलं की हा गृहस्थ सकाळच्या बसनेच यायचा होता, पण नागपुरात त्याला बाजाराचं काम होतं, ते उरकून दुपारी निघाला. मी धरमपेठेत पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर कोणीतरी पाणी टाकून ठेवलं होतं आणि चपला घालून लोक घरी निघाले होते. आज काही आठवडे झाले, तरी त्या माणसाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. घालवायची इच्छाही नाही. बाजारात भाजी तोलून घेणाऱ्या माणसाने योगाच्या नावावर पावती फाडावी, हे विनूच्या बाबतीत काही पहिल्यांदा घडलं नव्हतं.

विनू म्हणजे धरमपेठेतले दातांचे चिनी डॉक्टर, लिऊ. खरं नाव वेनलिन. ते माझ्या आईला जमेना, म्हणून तिने विनू केलं आणि मग साऱ्या गल्लीने तेच उचललं. त्याचे वडील तरुणपणी चीनमधून आले, हत्यारांची एक पेटी घेऊन गावोगाव फिरले आणि शेवटी नागपुरात टिकले. विनूचा जन्म इथलाच. माझ्या शिक्षणासाठी आईने त्यांच्या दवाखान्यासमोर दोन खोल्या घेतल्या होत्या, त्यामुळे आम्ही शाळेत एका बाकावर आणि घरी एका ताटात वाढलो. डोळे मिटून त्याचं बोलणं ऐकलं तर हा पारशिवनीचा की मी, असा प्रश्न पडावा. चिनी भाषा तो फक्त वडिलांशी बोलायचा, पण वडिलांच्या म्हणी आमच्या बोलीत आणून पेशंटवर उधळायचा. नंबरावरून दोघांची जुंपली की हातातला चिमटा तसाच धरून बाहेर यायचा. "आमचा बाबा म्हनते, एका डोंग्यातून नदी उतराले शंभर वर्साची पुन्याई लागते. तुमी तं एका बाकावर बसले, भांडता काहून?" दाढ सुजलेली माणसंसुद्धा हसायची. त्याची दुसरी आवडती म्हण अशी, की गाठ असली तर माणूस हजार कोसांवरून येऊन भेटतो, आणि नसली तर समोर बसूनही भेट होत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना हे फार पटायचं. ऋणानुबंध म्हणा, लग्नाच्या गाठी वर बांधलेल्या म्हणा, माल तोच. "चिनी असला तरी आपल्यातलाच आहे," असं ते कौतुकाने म्हणायचे. बासष्ट साल यायचं होतं तोपर्यंत.

विनू कलकत्त्याला काकांच्या हाताखाली काम शिकायला गेला, तेव्हा त्याची मेईशी ओळख झाली. तिच्या वडिलांचं जोड्यांचं दुकान होतं. परत आला तो तिच्याबद्दलच बोलत. ती किती हसते, हिशेबात वडिलांची चूक कशी काढते, माशाचा काटा कसा न बघता काढते, हे सगळं मला इतक्या वेळा ऐकावं लागलं की एकदा मी त्याला उशी फेकून मारली. दोन्ही घरांनी होकार दिला. लग्न बासष्टच्या दिवाळीनंतर करायचं ठरलं. आईने शेवया केल्या, कारण पोराच्या लग्नात शेवया नसतात हे तिला मान्यच नव्हतं. आणि चीनशी लढाई सुरू झाली.

मग जे झालं त्याला नशीब म्हणणाऱ्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं. दवाखान्याची पाटी फोडली ती ग्रहांनी नाही, शेजारच्या गल्लीतल्या पोरांनी. ज्याचा जन्म नागपुरात झाला, तो एका रात्रीत परका ठरला. शहराबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी हवी. कळमेश्वरचा म्हातारा पेशंट बोलावतोय, तरी परवानगी. दर आठवड्याला पोलीस ठाण्यात जाऊन हजेरीच्या रजिस्टरवर सही. सही चुकली तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्यासारख्या कितीतरी कुटुंबांना म्हाताऱ्या-पोरांसकट राजस्थानातल्या छावणीत नेलं होतं. लग्नासाठी कलकत्त्याला जाऊ द्या, असे अर्ज मी स्वतः लिहिले. मी नवाकोरा वकील होतो, इंग्रजी जोरात होतं. कुठल्याही अर्जाला नकार आला नाही. उत्तरच आलं नाही. तिकडे मेईचीही तीच गत. दोघं दोन शहरांत बसून राहिली. अशी वर्षं गेली.

शेवटी तिच्या वडिलांनी दुकान विकलं. मुंबईहून बोटीने विलायतेला, तिच्या मावशीकडे जायचं ठरलं. देश सोडायची परवानगी मात्र लगेच मिळाली. कलकत्त्याची मेल नागपुरावरूनच जाते. मेईची तार आली, अमुक दिवशी त्या गाडीत आहोत. विनू तार घेऊन माझ्याकडे आला तेव्हा तो हसत होता. स्टेशन शहरातच. कोणाची परवानगी लागत नव्हती. "पाह्य गा," तो म्हणाला, "हजार कोसावरून येऊन राहिली."

गाडीचा दिवस नेमका हजेरीचा होता. हजेरी सकाळची, गाडी दुपारची, म्हणून आम्हाला काळजी नव्हती. विनू सगळ्यांच्या आधी ठाण्यात जाऊन बसला. साहेब आले नव्हते. साहेब आल्याशिवाय रजिस्टर उघडायचं नाही असा नियम, आणि कपाटाची किल्ली जमादाराच्या कमरेला. या जमादाराची दाढ विनूनेच काढली होती, फुकट. विनूने त्याला तार दाखवली, हात जोडले. म्हणाला, सही आता घ्या, नाहीतर तासाभरासाठी सोडा, मी परत येऊन दिवसभर बसतो. जमादार दुष्ट नव्हता. त्याने विनूला चहा पाजला. आणि म्हणाला, "योग असन तं गाडी थांबन, बाबू."

मी तोवर स्टेशनवर होतो. गाडी वेळेवर आली. मेईला मी कधी पाहिलं नव्हतं, पण डब्याच्या दारात एक मुलगी उभी होती आणि तिच्या पायाशी बाकीच्या सामानापासून वेगळी केलेली एक लहान ट्रंक होती. मी विनूचं नाव घेतलं. तिने माझ्या मागे बघितलं, मग दोन्ही बाजूंना बघितलं. "वो किधर?" मी सांगितलं. तिने मान हलवली. हजेरी तिलाही ठाऊक होती. मग ती हळूच म्हणाली, "वो आके बोलेगा तो हम उतर जाएगा. बाबा को बोल दिया है." आत तिचे वडील खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, आप उतरिए, मैं ले चलता हूँ. तिने ट्रंकेची कडी धरली आणि फलाटाच्या दाराकडे बघत राहिली. परक्या माणसाच्या शब्दावर आईबापांना सोडून, परक्या शहरात, कोण उतरेल? इंजिनाने पाणी घेतलं, फेरीवाले खाली उतरले, गार्डाने शिटी दिली. ट्रंक तशीच दारात राहिली. ज्याचा या गाठीशी काही संबंध नाही तो मी तिच्यासमोर उभा होतो आणि ज्याचा होता तो ठाण्यातल्या बाकावर...

साहेब आल्यावर सही करून विनू आला, तेव्हा सायकल जिन्यावरून हातात उचलून आणली होती. फलाट रिकामा झाला होता. ती काय म्हणाली ते मी शब्दन् शब्द सांगितलं. तो नळाच्या ओट्यावर बसला, तोंड धुतलं आणि म्हणाला, "ठीक आहे. जुयनार नव्हतं." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आजही वाटते.

पुढचा प्रकार तर आमच्या गल्लीलाच सुचू शकतो. लग्न का मोडलं याची चर्चा होऊन असं ठरलं की विनूची पत्रिकाच कधी कोणी पाहिली नाही. आईने त्याच्या वडिलांकडून जन्मवेळ काढून घेतली. गुरुजींनी चिनी डॉक्टरची कुंडली मांडली आणि सप्तमस्थानी मंगळ सापडला. सगळ्यांना हायसं वाटलं. आता गुन्हेगार सापडला होता, आणि तो ठाण्यात नव्हता, आकाशात होता. शांत करायचं ठरलं. मी आईला म्हटलं, हा मंगळ कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरतो, त्याची शांत कर. ती म्हणाली, "तू वकिली कोर्टात कर. पोराचं भलं होऊन राहिलं तं होऊ दे." आणि विनू खरंच पाटावर बसला. सोवळं नेसून, हातात पळी घेऊन, गुरुजी सांगतील तसं पाणी सोडत होता. तो जमादारही प्रसादाला आला होता. मी जेवलो नाही.

त्या संध्याकाळी मी त्याला दवाखान्यात गाठून वाट्टेल ते बोललो. तू बुळचट आहेस, तुला लाज नाही, ज्यांनी तुझा गळा धरला त्यांनाच तू म्हणी ऐकवतोस. तो हत्यारं उकळत ठेवत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू साहेबाले शिव्या दे, तुले घरी जेवाले भेटते. मी देल्या तं बाबाले छावणीत नेतीन. त्याले रात्री दिसत नाई आता. नशिबाले शिव्या देल्या तं कोनी अंगावर येत नाई गा. म्हून मी नशिबाले देतो." इतकी वर्षं ज्याला मी त्याचा भाबडेपणा समजत होतो, ती त्याची एकमेव सुरक्षित तक्रार होती, हे त्या दिवशी समजलं. स्टोव्ह बंद करून तो म्हणाला, "बाबाची अजून एक म्हन आहे. ते मी पेशंटले सांगत नाई. आपल्या वाटचं काम पुरं करा, मंग आभायाकडं पाहा." मी विचारलं, ही का नाही सांगत? "लोकाईले आवडत नाई," तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. आम्हाला आभाळाकडे बघायला आवडतं, आपल्या वाटणीच्या कामाकडे नाही. मी आयुष्यभर वकिली केली, चोरांची बाजू मांडली, पण नशीब हा बचाव मला कोणत्याच कोर्टात चालवता आला नाही. न्यायाधीश हसले असते. समाजात मात्र तो दररोज चालतो आणि आरोपी सन्मानाने सुटतो.

विनूचे वडील गेले, पुढे हजेरीही सुटली. पाटी पुन्हा लागली. विनू कलकत्त्याला गेला नाही, लग्नाचं नाव काढलं नाही. एक गोष्ट मात्र त्याने कधी सोडली नाही. उशिरा आलेल्या माणसाला तो परत पाठवत नसे. दवाखाना बंद करून वर जेवायला बसला असला, तरी खालून कोणी "डॉक्टर" म्हटलं की हात धुऊन उतरायचा. कळमेश्वरची शेवटची बस यायच्या आधी शटर पूर्ण ओढायचा नाही. एकदा तोच जमादार नातीला घेऊन असा उशिरा आला. विनूने त्याला बसवलं, चहा दिला, पोरीचा दात काढला. मी समोरच्या गॅलरीतून बघत होतो. मी असतो तर म्हटलं असतं, योग असेल तर सकाळी भेटू.

मागच्या आठवड्यात गल्लीने शोकसभा घेतली. जमादार आता फार थकला आहे. काठी टेकत उठला आणि खरोखरच रडला. विनूच्या गुणांबद्दल बोलला आणि शेवटी म्हणाला, "इतका चांगला मानूस, पन संसाराचा योग नव्हता त्याचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठलो. म्हटलं, "योग होता, जमादार. गाडी वेळेवर आली होती. पोरगी दारात ट्रंक घेऊन उभी होती. योग स्टेशनपर्यंत चालत आला होता. किल्ली तुमच्या कमरेला होती." अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. जमादार म्हणाला, "मी हुकमाचा ताबेदार, साहेब," आणि खाली बसला. बाहेर पडताना दोघा-तिघांनी मला सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं. इतक्या वर्षांत विनूसाठी एकालाही असं वाटलं नव्हतं.

परवा संध्याकाळी मी त्याच्या दवाखान्याची खोली घरमालकाच्या ताब्यात द्यायला गेलो. शटर ओढतच होतो, तर शेवटच्या बसने आलेला एक शेतकरी गडी समोर उभा राहिला. गालाला पंचा बांधलेला, एक डोळा सुजेने मिटलेला. डॉक्टर आहेत काय म्हणाला. मी सांगितलं, गेले. त्याने शटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पंचा सावरत वळला. "जाऊ द्या मंग," तो म्हणाला. "योग नाई आपला."

मी कुलूप तसंच पायरीवर टाकलं. जवळच बर्डीच्या बाजारात एक दाताचा डॉक्टर आहे, तोही थोड्या वेळात बंद करतो.

"योगबिग काही नाई," मी स्कूटरला किक मारली. "बसा मांगं. अजून उघडा असन तो."