आठ कोअरचा प्रोसेसर आणि एक रॅमपट्टी

अल्लीपूरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या रूपालीनं आठ वर्षांपूर्वी एकेक सुटा भाग मागवून आपल्या हातानं गेमिंगचा कॉम्प्युटर जोडला होता. शाळा सुटली, चहा झाला, की ती त्यावर शहर वसवायचा गेम खेळायला बसायची. रस्ते, नळ, बसगाड्या, शाळा, सगळं तिच्या मनासारखं. शहराची वस्ती नव्वद हजारांवर गेली आणि चौकातल्या गाड्या जागच्या जागी गचके खाऊ लागल्या.

तिनं आकडे पाहिले. ग्राफिक कार्ड निम्मं रिकामं होतं. सगळी आकडेमोड करणारा चार कोअरचा प्रोसेसर मात्र शंभर टक्क्यांवर धापा टाकत होता. प्रोसेसर बदलावा, की अख्खा कॉम्प्युटरच? मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत त्याच सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचेवर, चालणारा आठ कोअरचा प्रोसेसर होता. तरी जुना बोर्ड तो भार पेलेल का, अशी धाकधूक वाटत होती. जाणत्या माणसाला एकदा दाखवावं म्हणून रविवारी ती नवऱ्याला, गजेंद्रला घेऊन हिंगणघाटच्या एका दुकानात गेली.

दुकानदार मुकेशनं झाकण उघडलं आणि गजेंद्रला विचारलं, "भाऊ, पोरगं कोणता गेम खेळते?"

"मी खेळते," रूपाली म्हणाली.

तो हसला आणि पुढचंही गजेंद्रलाच सांगत राहिला. "याच्यात आता काई दम नाई, भाऊ. प्रोसेसर बदलून फायदा नाई. नवाच घ्या. मॅडमच्या कामाले साधा लॅपटॉपई चालते."

प्रोसेसर कशाला म्हणतात हे ठाऊक नसलेला गजेंद्र मान हलवत होता. रूपालीनं यादीचं नाव काढलं, तर मुकेश म्हणाला, "इंटरनेटवर लोक काईबी लिहून राह्यले, मॅडम. दोन दिवस ठेवून जा, तपासून सांगतो."

बुधवारी कॉम्प्युटर घरी आला. मुकेशचं म्हणणं तेच, नवा घ्या. शहर तर आधीपेक्षाही जास्त रखडत होतं. मेमरी सोळाऐवजी आठ जीबी दिसत होती. रूपालीनं झाकण काढलं, तर मेमरीच्या दोन रॅमपट्ट्यांपैकी एक गायब होती. तिचा संताप झाला. या बाईला कळणारच नाही, हे तो किती सहज धरून चालला होता.

"जाऊ दे ना," गजेंद्र म्हणाला. "एका पट्टीपायी काऊन डोकं खराब करून राह्यली?"

"तुमी तिथं मान हलवत होते. म्हणून त्याची हिंमत झाली."



दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच बसनं हिंगणघाटला गेली. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती.

"एकच पट्टी होती, मॅडम. तुमाले आठवत नसन," मुकेश म्हणाला. "भाऊले पाठवा, त्यायले समजावून सांगतो."

"त्यायले यातलं काई समजत नाई. मले सांगा." दिवाळीत कॉम्प्युटरमधली धूळ साफ करताना काढलेला फोटो तिनं मोबाइलवर मोठा केला आणि दोन्ही पट्ट्यांवरचे नंबर सगळ्यांना ऐकू जातील असे वाचले. "यातली दुसरी पट्टी तुमी शोधता, का मी शोधू?"

कीबोर्ड बघत असलेलं एक गिऱ्हाईक तो खाली ठेवून फोटो पाहायला पुढे आलं. मुकेशनं खण उघडून पट्टी काढली. "कारागिराच्या हातून राहून गेली असन. भेटली ना आता."

"हेच लिहून द्या. सहीसकट."

त्यानं लिहून दिलं, पण तोंडातून माफीचा शब्द काढला नाही.

परतीच्या बसमध्ये तिचा निर्णय झाला. ज्याला जाणता समजून विचारायला गेलो, त्याच्याहून आपल्यालाच जास्त कळतं. मग वाट कुणाची पाहायची? तिनं आठ कोअरचा प्रोसेसर मागवला. जुना जागेवर असतानाच बोर्डाचं सॉफ्टवेअर नवं केलं, मग प्रोसेसर बदलला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, पंखा कसला, परत आणलेली पट्टी बसवली. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. तिनं रॅमपट्टी नीट दाबून बसवली आणि पुन्हा बटण दाबलं. नव्वद हजार वस्तीच्या शहरातल्या बसगाड्या सरळ धावू लागल्या.

"चाललं की," गजेंद्र म्हणाला.

"चालणारच होतं."

राग मात्र गेला नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं हे सगळं भावनाला सांगितलं. भावना मराठी शिकवायची. ती ऐकता ऐकता गंभीर झाली. "माझा लॅपटॉप मेला म्हणून त्यानंच सांगितलं होतं. मी तो तिथंच देऊन आली."

रूपालीनं डबा बाजूला सारला, वहीतलं पान फाडलं आणि दोघी ग्राहक मंचाकडे मुकेशच्या तक्रारीचा अर्ज लिहायला बसल्या.