देवाच्या पत्रिकेवरचं तिकीट

आमच्या बाबांना पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद, आणि त्यातही फक्त रानफुलांची. त्यांचा एक नियम होता. ज्या फुलाचं तिकीट, ते फूल आपल्या परभणी जिल्ह्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे. मगच ते अल्बममध्ये लागायचं, खाली फुलाचं नाव आणि पाहिलं ते गाव. पळस, चारठाणा. बागेतल्या गुलाबाला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती.

कळलावी त्यांनी तरुणपणीच जिंतूरच्या माळावर पाहिली होती. तिकीट मात्र काही केल्या मिळत नव्हतं. शेवटी आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाचं मिळालं, कोरं करकरीत. माझं लग्न पार पडलं की निवांत लावू, म्हणून त्यांनी ते देवघराच्या फळीवर ठेवलं. कळलावी घरात आणली की भांडणं लागतात म्हणतात.

इकडे आई पत्रिकांना तिकिटं लावत बसली होती. पहिली पत्रिका पोखर्णीच्या नरसिंहाला, आमच्या कुलदैवताला. ती पोस्टानं जात नाही, देवापुढे नेऊन ठेवतात. पण फळीवरचं ते लाल-पिवळं फूल आईच्या मनात भरलं. तिनं ते पाकिटावर चिकटवलं, हळद-कुंकू लावलं आणि मामाच्या हाती पत्रिका धाडून दिली.

बाबांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत, आईशी बोलणंच टाकलं. लग्न आठवड्यावर, आणि निरोपांची ने-आण माझ्याकडे. कन्यादानाला हे दोघं तोंड फिरवून बसणार, असंच दिसत होतं. मला दोघांचाही राग आला. त्यापायी मी एकदा जेवलेही नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी मीच दोघांना रिक्षात घालून पोखर्णीला नेलं. वाटभर मधे मी. पुजाऱ्यांनी गठ्ठ्यातून आमची पत्रिका काढून बाबांच्या हातात दिली. तिकीट भिजवून काढून घ्या, देव काही म्हणणार नाही, म्हणाले. तिकीट शाबूत होतं, कडेला जरासं कुंकू. पाकिटावर आईच्या अक्षरात पूर्ण पत्ता होता, नरसिंह महाराज, मुक्काम पोस्ट पोखर्णी.

तेव्हा आई थेट त्यांच्याशी बोलली. "देवाला बिनतिकिटाची कशी द्यायची म्हणलं. घरात होतं त्यातलं चांगलं लावलं."

बाबांनी चष्मा पुसून पत्ता पुन्हा वाचला आणि पाकीट पुजाऱ्यांना परत दिलं. "ऱ्हाऊ द्या. पोचलंय ते."

परतताना ते आईशेजारी बसले. मी कडेला सरकले, आणि मला फार बरं वाटलं.

अल्बममध्ये एक चौकोन अजून रिकामा आहे. कळलावी त्यांनी पाहिली होती जिंतूरला. चौकोनाखाली मात्र बाबांनी लिहून ठेवलंय: कळलावी, पोखर्णी.